रिपोर्ट ‘नॉर्मल’ असताना हार्ट अटॅक: कोलेस्टेरॉल, दाह आणि धमनीचं अस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मोठा भाऊ, वय ४८. मागच्या महिन्यात हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसला. शुगर नाही, बीपी किरकोळ, सिगारेट नाही, पण दिवसातून चार-पाच वेळा तंबाखू मळतात. अटॅकच्या दिवशी एकूण कोलेस्टेरॉल १८६ आणि एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ११४, म्हणजे लॅबच्या छापील रेंजमध्ये. सहा महिन्यांपूर्वीची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, तीसुद्धा चांगली आली होती. त्यातच कुणीतरी व्हिडिओ पाठवला की कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, खरा गुन्हेगार ‘इन्फ्लमेशन’. आता तुम्ही विचारताय की मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, कशाला, त्याऐवजी हळद किंवा सूज उतरवणारं काही द्यावं का, आणि सीआरपी, म्हणजे दाह मोजणारी रक्ततपासणी, करून घ्यावी का.

पहिली गोष्ट: स्टॅटिन बंद करू नका. रक्तातली गुठळी टाळणाऱ्या दोन गोळ्या तर अजिबात नाही. नुकत्याच बसलेल्या स्टेंटमध्ये त्या बंद केल्याने अचानक गुठळी होऊ शकते. एवढं पक्कं करा आणि मग पुढचं सावकाश वाचा.

व्हिडिओतलं अर्धं खरं आहे. दाह, म्हणजे शरीराची आतल्या आत चालणारी सूज, हृदयविकारात मोठी भूमिका बजावतो, हे आज कुणीही हृदयरोगतज्ज्ञ नाकारणार नाही. पण त्यावरून कोलेस्टेरॉल निर्दोष ठरवणं म्हणजे भांडणात दोघे दिसले म्हणून एकाला आपोआप सोडून देणं. आणि धमनीच्या भिंतीत हे दोघे भांडत नाहीत, एकमेकांना साथ देतात.

गैरसमजाचं मूळ एका चित्रात आहे आणि ते चित्र आम्ही डॉक्टरांनीच पसरवलंय: धमनी म्हणजे पाण्याचा पाइप, कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचणारा गाळ. ओपीडीत बाहेर वीस जण थांबलेले असतात, कागदावर दोन रेघा ओढून हे दोन मिनिटांत सांगता येतं. पण पाइप स्वतःहून रुंद होत नाही, रागावल्यावर आवळत नाही, आणि त्याच्या भिंतीला सूज येत नाही. धमनी हे सगळं करते.

धमनीच्या आतल्या बाजूला फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. त्याला बराच काळ कुणी किंमत देत नव्हतं. रक्त आणि भिंत यांच्यातला एक पडदा, इतकंच. १९७०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य जिवंत प्राण्याच्या धमन्या सैल करतं, पण त्यांच्या पट्ट्या मात्र आवळायच्या. मग एका प्रयोगात उलटं घडलं, पट्टी सैल झाली. शोध घेतल्यावर कळलं की पट्टी कापताना आतली बाजू घासली गेली की अस्तर निघून जात होतं. अस्तर शाबूत असेल तर धमनी सैल, अस्तर गेलं तर तीच धमनी त्याच द्रव्याने आवळते. हे १९८०मध्ये प्रसिद्ध झालं. अस्तरातून निघणारं ते सैल करणारं द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढे सिद्ध झालं, आणि १९९८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शरीरात हाच वायू बाहेरून पुरवते.

नायट्रिक ऑक्साइड फक्त धमनी रुंद करत नाही. गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट्स भिंतीला चिकटू देत नाही, पांढऱ्या पेशींना आत शिरू देत नाही, भिंतीतल्या स्नायुपेशींची बेसुमार वाढ रोखतो. म्हणजे अस्तर निरोगी असेल तोवर धमनी स्वतःचं रक्षण स्वतः करते.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाला सगळ्यात उपयोगी उत्तर १९८६मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दिलं. त्यांनी अँजिओग्राफी करताना रुग्णांच्या हृदयाच्या धमन्यांत थेट ॲसिटिलकोलीन सोडलं. निरोगी धमन्या रुंद झाल्या. आजारी धमन्या उलट आवळल्या, आणि त्यात अगदी किरकोळ अडथळा असलेल्या धमन्याही होत्या. ही गोष्ट आम्ही ओपीडीत रोज बघतो. हिवाळ्यात सकाळी लवकर चालायला गेलं की दुखतं, दुपारी तेवढंच चालून काही होत नाही. भांडण झालं की दुखतं. अडथळा तेवढाच असतो. पण थंडीत, श्रमात, तणावात ज्या धमनीने रुंद व्हायला हवं ती आवळते. काहींच्या, विशेषतः स्त्रियांच्या, अँजिओग्राफीत ब्लॉक सापडतच नाही आणि तरी दुखणं खरं असतं, कारण बिघाड कामात असतो, कधी अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांमध्ये असतो. त्यांना ‘गॅस आहे’ किंवा ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं जातं, ते चूक आहे.

आता अस्तर बिघडतं कशाने? इथे कोलेस्टेरॉल येतं. एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. ते अस्तर ओलांडून भिंतीत जातात. रक्तात जितके जास्त आणि जितकी वर्षं, तितके जास्त. भिंतीतल्या प्रथिन-साखरेच्या जाळ्यात काही कण अडकतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. हे बिघडलेले कण अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवू देत नाहीत. शिवाय त्यातून निघणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार झालेला वायूही क्षणात संपवतात. म्हणजे ब्लॉक दिसायच्या कितीतरी आधी धमनीचं काम बिघडलेलं असतं.

मग अस्तर धोक्याची खूण देतं. त्याच्या पृष्ठभागावर चिकट रेणू उगवतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटून आत उतरतात आणि बिघडलेलं एलडीएल गिळू लागतात. गिळता गिळता त्या चरबीने इतक्या भरतात की सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात. दाह इथूनच. काही कोलेस्टेरॉलचे सुईसारखे स्फटिक होतात, आणि २०१०मध्ये दिसलं की हे स्फटिक पेशींच्या आतली धोक्याची यंत्रणा थेट चालू करतात. त्यातून दाहाचा निरोप देणारं इंटरल्यूकिन-१ बीटा सुटतं, त्यापुढे इंटरल्यूकिन-६, आणि त्याला प्रतिसाद म्हणून यकृत सीआरपी बनवतं. तुम्ही विचारलेली सीआरपी या साखळीचं शेवटचं टोक. आग धमनीत, तपासणीत दिसतो तो यकृताचा प्रतिसाद.

एक तपशील मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. एलडीएल सगळ्या शरीरात सारखंच फिरतं, पण चरबीचे थर बहुतेक करून धमन्यांच्या फाट्यांवर आणि वळणांवर बसतात. सरळ वाहणारं रक्त अस्तराला सतत एका दिशेने घासतं आणि ते घासणं अस्तराला हवंच असतं, त्याने नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. फाट्यावर रक्त घुटमळतं, उलटसुलट फिरतं, तिथलं अस्तर आधीच चिडलेलं असतं. चालण्याने, पोहण्याने धमन्यांना जो फायदा होतो त्यातला बराचसा याच घासण्यातून येतो, वजन किलोभरही कमी झालं नाही तरी.

तुमच्या भावाच्या टीएमटीचं कोडंही इथेच सुटतं. टीएमटीत तो अडथळा कळतो जो श्रमात रक्तपुरवठा कमी पाडतो, साधारण ७० टक्क्यांच्या वरचा. पण चरबीचा थर फुटतो तो धमनी किती अरुंद आहे यावर नाही, थराचं टोपण किती पातळ आणि आत सूज किती यावर. आतल्या पांढऱ्या पेशी असे एन्झाइम सोडतात की टोपण झिजत जातं. एके दिवशी ते फाटतं, आतला मसाला रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी बनून धमनी बंद होते. कित्येक अटॅक अशा जागी येतात जिथे आधीच्या अँजिओग्राफीत निम्म्याहून कमी अडथळा होता. म्हणून ‘टीएमटी नॉर्मल होती’ आणि ‘अटॅक आला’ यात विसंगती नाही. डॉक्टरांनी काही लपवलं किंवा मशीन खराब होतं असंही नाही.

‘नॉर्मल’ एलडीएलबद्दल. लॅबच्या कागदावरची रेंज सगळ्यांना सारखीच छापलेली असते. नवजात बाळाच्या रक्तात एलडीएल ३० च्या आसपास असतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४मध्ये भारतासाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी जोखमीच्या माणसालाही ते १०० च्या खाली हवं, आणि अटॅक येऊन गेलेल्याला ५५ च्या खाली. तुमच्या भावाचं ११४ म्हणजे तंबाखूसोबत, चाळीस-पंचेचाळीस वर्षं, रोज. त्याला नॉर्मल म्हणणं कागदापुरतं ठीक.

एलडीएल कमी असलेला माणूस सगळ्या वाईट सवयी पचवू शकतो का? जवळजवळ हो, असं २००६मध्ये अमेरिकेत दिसलं. जन्मतःच एका जनुकातल्या फरकामुळे ज्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं, त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला. त्यांच्यात बीपी, धूम्रपान, मधुमेह हे सगळं भरपूर होतं, म्हणजे दाहाला निमंत्रण देणाऱ्या गोष्टींची वाण नव्हती. पण भिंतीत अडकायला कणच कमी होते. मला विचाराल तर ‘कोलेस्टेरॉल निर्दोष’ म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

मग दाहाची बाजू कशी सिद्ध झाली? बराच काळ पेच असा होता की स्टॅटिन एलडीएलही उतरवतं आणि सीआरपीही. २००८च्या ज्युपिटर अभ्यासात एलडीएल १३० च्या खाली पण सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १७,८०२ निरोगी माणसांना रोझुव्हास्टॅटिन किंवा खोटी गोळी दिली. अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ४४ टक्के कमी झाल्या. पण श्रेय कुणाचं? दोन्ही आकडे एकदम उतरले होते. दोन्ही बाजूंनी आपापला विजय जाहीर केला.

२०१७मध्ये दोन अभ्यास आले आणि हा गुंता सुटला. फूरिए अभ्यासात स्टॅटिन चालू असलेल्या २७,५६४ रुग्णांना एलडीएल उतरवणारं इव्होलोक्युमॅबचं किंवा खोटं इंजेक्शन दिलं. औषध मिळालेल्यांचं एलडीएल ९२ वरून ३० वर आलं, सीआरपी जागची हलली नाही, घटना १५ टक्के कमी झाल्या. कँटॉस अभ्यासात अटॅक येऊन गेलेल्या, सीआरपी चढलेल्या १०,०६१ रुग्णांना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब किंवा खोटं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएल तसंच राहिलं, सीआरपी उतरली, आणि १५० मिलिग्रॅमच्या डोसला घटना पुन्हा १५ टक्केच कमी झाल्या. एकाने फक्त चरबी उतरवली, दुसऱ्याने फक्त दाह. दोन्हींचा उपयोग झाला, आणि कँटॉसमधले बहुतेक रुग्ण स्टॅटिनवर होतेच. म्हणजे दाह कमी करायचा तो कोलेस्टेरॉल उतरवल्यावर उरलेल्या जोखमीसाठी, त्याच्या बदल्यात नाही. कॅनाकिनुमॅबने जिवावर बेतणारे संसर्गही वाढले, एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, किंमत अफाट, आणि अमेरिकेत हृदयासाठी त्याला मंजुरी मिळाली नाही.

आता तुमच्या ‘सूज उतरवणारं काही’कडे. इथे मी जरा कडक बोलणार आहे. कोणतीही सूज उतरवली की हृदयाला बरं, हे तर्काला पटतं आणि प्रत्यक्षात खोटं ठरलंय. सांधेदुखीत उत्तम काम करणाऱ्या मेथोट्रेक्सेटचा २०१८मध्ये ४,७८६ रुग्णांवर अभ्यास झाला. सीआरपीही उतरली नाही आणि अटॅकही. साखळीची कोणती कडी अडवता याला महत्त्व आहे. सर्वात घातक म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या दुखण्या-सुजेच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या नावाने ‘सूज उतरवणाऱ्या’ असल्या तरी हृदयरोग्यात अटॅकची जोखीम वाढवतात, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणते. याच गटातलं रोफेकॉक्सिब २००४मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. भावाचे गुडघे दुखले तर ‘कॉम्बिफ्लाम दे रे’ म्हणू नका. पॅरासिटामॉल किती, कसं, ते डॉक्टरांना विचारा.

हळद आमटीत, भाजीत चालू द्या. हळदीने हार्ट अटॅक कमी होतात असं दाखवणारा एकही मोठा अभ्यास माझ्यासमोर नाही. बाटलीबंद कर्क्युमिनचे जास्त ताकदीचे कॅप्सूल मात्र नको, त्यातून यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कोल्चिसीनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कुणीतरी सांगेलच. गाउट या सांधेदुखीचं जुनं औषध, स्वस्त, आणि आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीतही ते असतं. (म्हणून कळलावी विषारी. कुणी काढा सुचवला तर हात जोडून नाही म्हणा.) रोज ०.५ मिलिग्रॅम दिल्यावर २०१९च्या कोल्कॉट अभ्यासात नुकत्याच अटॅक आलेल्यांच्या घटना २३ टक्के आणि २०२०च्या लोडोको-२ मध्ये स्थिर रुग्णांच्या ३१ टक्के कमी झाल्या. अमेरिकेत २०२३मध्ये मंजुरीही मिळाली. आणि मग २०२४मध्ये ७,०६२ अटॅक रुग्णांवरच्या क्लिअर सिनर्जी अभ्यासात काहीच फायदा दिसला नाही. मी ते निवडक रुग्णांना देतो, मूत्रपिंड चांगलं असेल तर, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक चालू असेल तेव्हा थांबवतो. तुमच्या भावासाठी पहिल्या महिन्यात त्याची घाई करणार नाही.

सीआरपी करायची तर ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ असं लिहून मागा. साध्या सीआरपीतून हा बारीक फरक कळत नाही. आत्ता मात्र नको. हृदयाचा स्नायू जखमी झाला की ती वाढतेच. दीड-दोन महिन्यांनी, ताप-सर्दी-जुलाब नसताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा. १ च्या खाली चांगली, ३ च्या वर जास्त, १० च्या वर असेल तर ती हृदयाची गोष्टच नाही, कुठेतरी संसर्ग शोधा. डेंग्यू-चिकुनगुनियाच्या दिवसांत केलेल्या सीआरपीवरून मी काहीच ठरवत नाही. उपचार घेत असतानाही ती २ च्या वर राहिली तर मी आधी गोळी वाढवत नाही, कारण शोधतो.

कारणं बहुतेक वेळा साधी असतात. तुमच्या भावाचं पहिलं तंबाखू. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, हा आपल्याकडचा सर्वात महागात पडणारा समज. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात फक्त तंबाखू खाणाऱ्यांनाही अटॅकची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. निकोटीन प्रत्येक वेळी धमन्या आवळतं आणि नाडी वाढवतं. दुसरं हिरड्या, तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्यांमध्ये वर्षानुवर्षं सूज असते, दंतवैद्याला दाखवा. तिसरं पोट. पोटातली चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडते, आणि आपण भारतीय बारीक दिसलो तरी आतून जाड असतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक प्रसिद्ध फोटो २००४मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. भावाचं वजन ‘बरोबर’ असेल तरी कमरेला टेप लावून बघा.

चौथं, फ्लूची लस. साधा इन्फ्लुएंझा झाल्यावर पहिल्या आठवड्यात अटॅकची जोखीम सहापट होते असं २०१८मध्ये कॅनडात दिसलं. हा अचानक उसळलेला दाह धमनीतल्या तयार थराला फोडतो. दरवर्षी लस घ्या. आपल्याकडे हृदयरोग्यांना ती क्वचितच कुणी सुचवतं.

खाण्याबद्दल थोडंच. चमचाभर तुपावरून घरात भांडू नका, खारी, नानखटाई, फरसाण आणि परत परत तापवलेल्या तेलावरून भांडा.

पुढचं वेळापत्रक: डिस्चार्जनंतर चार ते सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी जायची सहसा गरज नाही. एलडीएल ५५ च्या खाली नसेल तर डॉक्टर एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडतील, तेवढ्याने न भागल्यास इंजेक्शनांचा विचार होईल. स्टॅटिनने अंग दुखतं अशी तक्रार आली तर लगेच बंद करू नका. २०२०मध्ये इंग्लंडमध्ये स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून-पालटून स्टॅटिन, खोटी गोळी आणि काहीच नाही असं दिलं, तर स्टॅटिनच्या महिन्यात जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीच्या महिन्यातही झाला. निम्म्या लोकांनी नंतर ती पुन्हा सुरू केली. त्रास खरा असतो, पण बऱ्याचदा गोळीचा नसतो. स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी सीपीके तपासा, गोळी किंवा डोस बदला.

आणि तुमच्याबद्दल, कारण तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ. ५५ वर्षांच्या आत भावाला अटॅक आला म्हणजे तुमची स्वतःची जोखीम वाढलेली धरायची. लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बीपी करून घ्या, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलचाच एक जास्त चिकट, जास्त दाह पेटवणारा नातेवाईक, जवळजवळ पूर्ण आनुवंशिक, चालण्याने किंवा पथ्याने फारसा न हलणारा. साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो दिसत नाही. भारतात साधारण चारात एकाचं ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असतं. भावाचंही करा. त्यांचं जास्त आलं तर त्यांच्या मुलांचंही एकदा करायला सांगा, कारण मुलांमध्ये एलडीएल लवकर आवरलं तर या नातेवाइकाने होणारं नुकसान बऱ्यापैकी टाळता येतं.